गावाच्या आरोग्याचा पैसा

आता आपल्याला वाचता येते. एस.टी.ची पाटी आपण वाचतो. रेशनची पावती वाचतो. लेकाचा मोबाईलवर आलेला निरोप दुसऱ्याकडे न नेता स्वतः वाचतो. पण गावात आणखी एक वही आहे, ती आपल्यापैकी फार थोड्यांनी उघडली असेल. ती वही म्हणजे गावाच्या आरोग्याच्या पैशाचा हिशेब. आज आपण ती वाचायला शिकू.

हा पैसा कुणाचा?

“सरकारनं पैसा दिला,” असे आपण म्हणतो. पण सरकारकडे तो आला कुठून? आपण दुकानातून साबणाची वडी घेतो, तिच्या किमतीत कर असतो. मोबाईलचा रिचार्ज करतो, त्यात कर असतो. श्रीमंत कर देतो, तसा मजूरही देतो. थेंबे थेंबे तळे साचते. त्या तळ्यातले थोडे पाणी गावाच्या आरोग्यासाठी परत येते. म्हणजे हा पैसा आपलाच आहे. तो मागताना मान खाली घालायला नको. तो खर्च होताना पाठही फिरवायला नको.

थोडा मागचा इतिहास

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने देशाच्या आरोग्याबद्दल एक अहवाल दिला. जवळ पैसा नाही म्हणून कुणाचा औषधोपचार अडू नये, हे त्या अहवालाचे मुख्य सांगणे होते. पुढे २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधी जयंतीच्या दिवशी, समाजविकास योजना सुरू झाली. त्या योजनेतून खेड्यापाड्यांत प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली.

आज सपाटीच्या भागात साधारण ३०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे प्रमाण आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागात ते २०,००० लोकांमागे एक असे आहे. उपकेंद्र सपाटीला ५,००० लोकांमागे आणि डोंगरात ३,००० लोकांमागे एक असावे.

१२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. गावोगावी आशाताई आल्या त्या याच अभियानातून. २०१३ साली शहरांचेही काम त्याला जोडले गेले. तेव्हापासून त्याला राष्ट्रीय आरोग्य अभियान म्हणतात. आपल्या महाराष्ट्रात या अभियानाच्या शंभर रुपयांत साठ रुपये दिल्लीचे सरकार घालते आणि चाळीस रुपये राज्य सरकार घालते.

पाटाचे पाणी

धरणातून पाटाला पाणी सुटते. कागदावर ते सगळ्या शेतांसाठी असते. पण पाटाच्या शेवटाकडच्या शेतात ते पोचले का? हे धरणावरचा साहेब सांगू शकत नाही. त्या शेताचा धनीच सांगू शकतो.

आरोग्याच्या पैशाचेही तसेच आहे. तो दिल्लीहून मुंबईला येतो. मुंबईहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तिथून खाली गावापर्यंत येतो. वाटेत तो कुठे अडला, किती उशिरा आला, कशावर गेला, हे शेवटी गावानेच पाहायचे आहे.

गावाची समिती

यासाठी प्रत्येक महसुली गावात एक समिती असते. तिला ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती म्हणतात. नाव लांब आहे, पण काम सोपे आहे: गाव आजारी पडू नये आणि पडले तर उपचार मिळावा. पंचायतीचे लोक, आशाताई, अंगणवाडीताई, नर्सताई आणि गावातली इतर माणसे या समितीत असतात. निम्म्या तरी बायका असाव्यात, असे मार्गदर्शन आहे. महिन्यातून एकदा बैठक व्हावी, असेही आहे.

या समितीचे बँकेत खाते असते. एकट्याच्या सहीने पैसे निघत नाहीत, दोन सह्या लागतात. अभियानात गावासाठी वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवली गेली. तिला अबंधित निधी म्हणतात. अबंधित म्हणजे न बांधलेला. कशावर खर्च करायचा ते वरून बांधून दिलेले नसते. गावाची गरज पाहून समितीने ते ठरवायचे असते. टाकीची सफाई, पाणी शुद्ध करायची पावडर, साचलेल्या गटारीची वाट मोकळी करणे, गरीब घरच्या आजारी माणसाला दवाखान्यात न्यायचे गाडीभाडे, अशा कामांना तो चालतो. पैसा शक्यतो साऱ्या गावाच्या उपयोगी पडावा. मात्र अगदी निराधार किंवा फार गरीब घराला अडीअडचणीला मदत करता येते. खर्चाचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडायचा असतो.

उपकेंद्राला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रालाही असा निधी मिळतो. केंद्रावरच्या समितीला रुग्ण कल्याण समिती म्हणतात.

वही कशी वाचायची?

समजा, एका गावाच्या वहीत असे लिहिले आहे:

जमा: १०,००० रुपये
टाकीची सफाई: १,८०० रुपये
टीसीएल पावडर: ९०० रुपये
गाडीभाडे: १,२०० रुपये
वजनकाट्याची दुरुस्ती: ६०० रुपये
किरकोळ: ३,५०० रुपये
एकूण खर्च: ८,००० रुपये
शिल्लक: २,००० रुपये

आधी बेरीज करून पाहा. खर्च ८,००० होतो. दहा हजारांतून आठ हजार गेले, दोन हजार उरले. बेरीज बरोबर आहे. मग सगळे ठीक आहे का? थांबा, ओळीन् ओळ पुन्हा वाचा.

ग्रामसभा भरली आहे असे धरा. एक आजी उठतात. त्या नुकत्याच लिहायला-वाचायला शिकल्या आहेत.

आजी म्हणतात, “सरपंच, टाकीचं कळलं, गाडीचं कळलं. पण हे किरकोळ म्हंजी काय वो? सगळ्यात मोठा आकडा तर त्याचाच हाय.”

सरपंच म्हणतात, “आजी, बैठकीचा चहापाणी, झेरॉक्स, असं बारीकसारीक असतं.”

“असंल की बाबा. पण त्याच्या पावत्या दावा. आन् गाडीभाडं कुणाच्या घरचं दिलं, तेबी सांगा.”

आजींनी कुणाला चोर म्हटले नाही. आवाजही चढवला नाही. वहीतली एक ओळ वाचली आणि पावती मागितली. पावत्या असतील तर सरपंचांचीही मान ताठ राहील. नसतील तर पुढच्या वेळी ‘किरकोळ’ लिहिताना हात थांबेल.

पैसा नुसता पडून राहिला तर?

खाऊन टाकलेला पैसा वाईट, हे सगळ्यांना कळते. पडून राहिलेला पैसाही वाईटच. असे पाहा. वाडीवरच्या बाईला रात्री कळा सुरू झाल्या. खरे तर आणायला-न्यायला सरकारी गाडी फुकट आहे. १०२ किंवा १०८ नंबर फिरवायचा. पण गाडीला यायला उशीर लागला. नवरा खासगी जीप आणायला धावला. जीपवाल्याला द्यायला हातात काही नाही, म्हणून बायकोचा दागिना गहाण पडला. आणि त्याच रात्री समितीच्या खात्यात पैसे तसेच पडून होते. घरच्यांना ते माहीत नव्हते. गावाच्या पैशाची खबर गावाला नसणे, याची किंमत अशी मोजावी लागते.

म्हणून आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू आहे. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, जेवण आणि नेणे-आणणे यांचा पैसा पडत नाही. आणि १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचे पैसेही घेत नाहीत.

विचारल्याने काय होते?

काही जण म्हणतील, “आपण विचारून काय फरक पडणार?” आम्ही एक घडलेली गोष्ट सांगतो. २००७ साली महाराष्ट्रात पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत एक काम सुरू झाले. उस्मानाबादचे नाव आता धाराशिव आहे. लोकांनीच आपल्या दवाखान्याची पाहणी करायची, असे ते काम होते. गावातल्या लोकांनी एकत्र बसून शेरे दिले. चांगल्याला हिरवा रंग, मधल्याला पिवळा, वाईटाला लाल. मग जनसुनवाई भरली. अधिकारी समोर बसले आणि बायाबापड्यांनी उभे राहून विचारले: डॉक्टर का नसतात? औषध बाहेरून का आणायला सांगतात? अधिकाऱ्यांना सगळ्यांसमोर उत्तर द्यावे लागले. ज्यांनी प्रश्न विचारले ती आपल्यासारखीच माणसे होती.

आपण काय करावे?

ग्रामसभेला जावे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरवण्याची पद्धत आहे. आरोग्य समितीचा हिशेब वाचून दाखवा, असे म्हणावे. वही आपल्या हातात घेऊन पाहावी. आणि आपली सही मागितली, तर आधी वर काय लिहिले आहे ते वाचावे, मगच सही करावी. पूर्वी आपण अंगठा उठवत होतो. तेव्हा वर काय लिहिले आहे ते कळत नव्हते. आता कळते.

वाचलेले आठवा

१. गावाच्या आरोग्याचा पैसा कुठून येतो?
२. अबंधित निधी म्हणजे काय?
३. आजींनी कोणत्या ओळीबद्दल विचारले? का?
४. आपल्या गावाच्या समितीत कोण कोण आहे? नावे विचारून वहीत लिहा.
५. या वर्षी समितीच्या खात्यात किती जमा झाले आणि किती शिल्लक आहे? पुढच्या वर्गाला येताना विचारून या.