आयर्लंडला निघालीस ना? मग थोडं ऐक

अगं, एकटीनंच नाव नोंदवायचं ठरवलंस, फार बरं केलंस. यांना रजा नाही, मैत्रिणींचं जमत नाही, मुलांच्या परीक्षा आहेत, असं म्हणत किती वर्षं थांबायचं? आयर्लंड ग्रुपबरोबर बघायला छान देश आहे. भाषेची अडचण नाही, माणसं आपणहून बोलतात आणि तिथल्या अरुंद, दोन्हीकडून दगडी बांध घातलेल्या रस्त्यांवर गाडी चालवायची काळजी दुसऱ्या कुणाची असते. पण पैसे भरण्याआधी माझं एक ऐक. माहितीपत्रकात ठिकाणं किती आहेत ते मोजू नकोस. एकेका गावात रात्री किती आहेत ते मोज.

लंडन, स्कॉटलंड, आयर्लंड अशा एकत्र टूर असतात ना, त्यांत आयर्लंडच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन दिवस येतात. मग डब्लिनमध्ये मुक्काम ठेवून मोहरचे कडे एका दिवसात दाखवतात. देशाच्या या काठावरून त्या काठावर जायचं, म्हणजे जायला तीन तासांहून जास्त, यायला तेवढेच. आणि तू पोचणार ऐन दुपारी, जेव्हा सगळ्या बस तिथे येतात. अकरा ते चार ही तिथली गर्दीची वेळ. त्यापेक्षा डूलिन, एनिस किंवा गॉलवेला रात्र असलेली टूर घे आणि कड्यांवर सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी नेतात का, हे स्पष्ट विचार. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे संध्याकाळ म्हणजे अंधार हा आपला हिशेब तिथे चालत नाही. २१४ मीटर उंचीचा तो सरळसोट कडा, खाली अटलांटिक, आणि कपारींत बसलेले हजारो पक्षी. तिथे पाऊण तास फारच कमी पडतो. फरसबंद वाट आणि कठडा सोडून फोटोसाठी पुढे जाऊ नकोस, कुणी कितीही बोलावलं तरी. वारा माणसाला ढकलतो. म्हणूनच छत्री नेऊ नकोस, ती उलटीच होते. टोपीचा चांगला वॉटरप्रूफ विंडचीटर आणि ओल्या दगडावर न घसरणारे बूट यांवर मात्र हात आखडता घेऊ नकोस.

बसमधल्या जागा बहुतेक टूरमध्ये रोज बदलतात, तेव्हा त्यावरून कुणाशी वाद घालायचा नाही. पण ‘रिंग ऑफ केरी’च्या दिवशी जागा निवडता आली, तर उजवीकडची खिडकी घे. किलार्नीहून निघणारा तो १७९ किलोमीटरचा फेरा मोठ्या बस घड्याळाच्या उलट दिशेनं घालतात. रस्ता अरुंद, समोरासमोर दोन बस आल्या तर पंचाईत, म्हणून ही पद्धत. त्यामुळे समुद्र उजव्या हाताला राहतो. आणि किलार्नीत दोन रात्री हव्यातच. एक दिवस बसचा आणि एक तुझ्या पायांचा, तिथल्या राष्ट्रीय उद्यानात तळ्याच्या काठानं मक्रॉस हाउसपर्यंत चालायचा.

उत्तरेकडे जायंट्स कॉजवे आहे. तो मात्र टूरमध्ये असलाच पाहिजे. सुमारे ४० हजार दगडी खांब, बहुतेक षटकोनी, कुणी मापून कापल्यासारखे समुद्रात उतरत गेलेले. लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला तडे गेले आणि हे खांब तयार झाले. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या अंधेरीचा गिल्बर्ट हिल आठवतो? तोही असाच काळ्या बेसॉल्टच्या खांबांचा, आणि वयानं याच्याहून थोडा मोठाच. जाण्याआधी एकदा अंधेरीला जाऊन तो बघ, मग कॉजवेवर उभी राहशील तेव्हा पायाखालचा दगड तुला ओळखीचा वाटेल. पाण्याजवळचे काळे, ओले दगड निसरडे असतात. आणि गुडघे कुरकुरत असतील तर वरून खालपर्यंत शटल बस आहे. तिचे पैसे वाचवू नकोस, चढ परतीच्या वाटेवर आहे.

डब्लिनमध्ये ‘मोकळा वेळ’ लिहिलेलं असेल. तो दुकानांत घालवू नकोस, कळकळीनं सांगते. किलमेनहॅम तुरुंग बघ. तिथे गाइडबरोबरच आत सोडतात आणि तिकिटं आधीच संपतात, म्हणून इथूनच ऑनलाइन काढून ठेव. १९१६च्या एप्रिलमध्ये ईस्टरच्या आठवड्यात डब्लिनमध्ये ब्रिटिशांविरुद्ध उठाव झाला. तो आठवड्याभरात चिरडला गेला आणि मे महिन्यात याच तुरुंगाच्या आवारात चौदा नेत्यांना गोळ्या घातल्या. त्यांतला जेम्स कॉनली जखमी होता, उभा राहू शकत नव्हता, तर त्याला खुर्चीत बसवून मारलं. त्याच एप्रिलमध्ये आपल्याकडे बेळगावात लोकमान्यांनी होमरूल लीग स्थापन केली. ‘होमरूल’ची मागणी आयरिश लोक कित्येक वर्षं करत होते, तीच आपल्या लोकांनी उचलली. हे ठाऊक असेल तर त्या आवारातून तू परक्यासारखी फिरणार नाहीस. तिथून शहरात परत आलीस की लिफी नदीच्या काठी कस्टम हाउसजवळ दुष्काळग्रस्तांचे पुतळे आहेत, तेही बघ. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडत गेला, दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. हाडांचे सापळे झालेली ती माणसं बोटीकडे चालली आहेत. तिथे बस थांबत नाही, पण तू थांब.

कॉनेमारात बॅलिनाहिंचचा वाडा दाखवला तर लक्ष देऊन बघ, तो एके काळी रणजी करंडकाच्या रणजींचा होता. आणि ड्रायव्हरला जरूर सांग की आपण महाराष्ट्रातल्या. दोनदा आयर्लंडचे पंतप्रधान झालेल्या लिओ वराडकरांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड. त्यावरून गप्पा सहज सुरू होतात. छोट्या बसच्या टूरमध्ये ड्रायव्हरच गाइड असतो. जेवायला कुठे जावं, आज रात्री गाणं कुठे आहे, हे त्याला विचार.

गाण्याचं सांगते. टूरमध्ये जास्तीचे पैसे भरून जेवण आणि नाच असा कार्यक्रम घ्यायला सांगतात. तो एखादा घे, सगळे नको. गावातल्या पबमध्ये फिडल, बासरी आणि बाउरान नावाचा चामड्याचा डफ घेऊन गावकरी वाजवायला बसतात, ते ऐकायला जा. पब म्हटलं की आपण बिचकतो, पण तिथे आजी-नातवंडांसकट घरंच्या घरं येतात. संत्र्याचा रस नाहीतर चहा मागितला तरी कुणी वळून बघत नाही. आयरिश कॉफीत मात्र व्हिस्की असते. वाजवणाऱ्यांच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसू नकोस आणि कुणी एकटं गायला लागलं की बोलणं थांबव.

तू शाकाहारी, तर न्याहारीला जपून. ‘ब्लॅक पुडिंग’ म्हणजे रक्त घालून केलेला सॉसेज, ‘व्हाइट पुडिंग’ही डुकराच्या मांसाचंच. पॉरिज, अंडी, मश्रूम, सोडा ब्रेड आणि लोणी घे, पोट भरतं. भाज्यांचं सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का, हे दर वेळी विचार. चहा मात्र कडक आणि दुधाचा, जीव शांत होईल. इथून मेतकूट, चटणी, भडंग ने. पण पेढे, बर्फी, तूप नको. युरोपियन युनियनबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे.

एकटीच्या खोलीसाठी जास्त पैसे मागतील. जमत असेल तर भर. दिवसभर माणसांत राहिल्यावर रात्री आपलं दार आपण लावता येणं मोलाचं असतं.

आणि व्हिसा. शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. शिवाय बेलफास्ट आणि कॉजवे उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे युनायटेड किंग्डममध्ये येतात. तिथे युरो जाऊन पाउंड येतो, किलोमीटरचे मैल होतात. सीमेवर नेहमीची तपासणी नसते, म्हणून काही जण सांगतील की वेगळं काही लागत नाही. त्यांचं ऐकू नकोस. भारतीय पासपोर्टवर ब्रिटिश-आयरिश योजनेखाली एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, पण त्यासाठी व्हिसावर ‘बीआयव्हीएस’ असा शेरा हवा. तो आहे का, हे पासपोर्ट हातात येताच बघ. अर्ज प्रवासाच्या तीन महिने आधीपासून करता येतो. तू पहिल्याच आठवड्यात कर, आणि कागदपत्रं जमवताना काही अडलं तर रात्री जेवणं झाल्यावर मला फोन कर, आपण दोघी मिळून फॉर्म भरू.