रोग्याची भाषा : स्पॅनिश संभाषणाचा एक पाठ

वैद्यकीच्या शिक्षणात अस्थी, स्नायू व औषधे ह्यांची नावे पाठ करण्यात वर्षे जातात; परंतु रोग्याशी बोलावे कसे, हा अभ्यास पुष्कळदा मागे पडतो. आपल्याकडील कित्येक तरुण डॉक्टर पुढील शिक्षणाकरिता अमेरिकेस जातात. इंग्रजी चांगले आले म्हणजे तेथे भागते, असा त्यांचा व त्यांच्या पालकांचा समज असतो. वस्तुतः त्या देशात ४ कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. तेव्हा ज्यास तेथे जावयाचे असेल त्याने निघण्यापूर्वीच ह्या भाषेत बोलण्याचा सराव करावा, असे आम्ही सुचवितो.

एका शब्दाने केवढा अनर्थ होतो पाहा. १९८० साली फ्लोरिडात एका अठरा वर्षांच्या मुलास बेशुद्धावस्थेत रुग्णालयात आणले. घरच्यांनी ‘इन्तोक्सिकादो’ हा शब्द वापरला. काही खाण्यापिण्यात येऊन बाधा झाली, असा त्यांचा आशय होता. तेथील डॉक्टरांनी तो इंग्रजी शब्दासारखा समजून मुलाने मादक द्रव्य घेतले असे मानले व त्याप्रमाणे उपचार चालविले. वास्तविक मेंदूत रक्तस्राव झाला होता. तो उमगेपर्यंत वेळ निघून गेली व मुलाचे हातपाय कायमचे लुळे पडले. डॉक्टर अडाणी नव्हते व घरचेही खोटे बोलत नव्हते. मध्ये जाणता दुभाषा मात्र कोणी नव्हता.

असे फसवे शब्द आणखीही आहेत. ‘एम्बारासादा’ म्हणजे लाजलेली नव्हे, तर गरोदर स्त्री. इंग्रजीत औषध दिवसातून एकदा घ्या असे लिहिताना जो शब्द येतो, तीच अक्षरे स्पॅनिशमध्ये ‘ओन्से’ अशी वाचली जातात व त्यांचा अर्थ होतो अकरा! औषधाच्या बाटलीवर ही चूक किती महाग पडेल, हे सांगणे नको.

आता मराठी विद्यार्थ्यास धीर देणारी गोष्ट सांगतो. ह्या भाषेतील त व द हे वर्ण आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रज विद्यार्थ्यास ते साधण्यास प्रयास पडतात. सलगीच्या माणसास तेथेही ‘तू’ असेच म्हणतात, व आदराकरिता ‘उस्तेद’ हा निराळा शब्द आहे. वडीलधाऱ्या रोग्यास ‘उस्तेद’ म्हणावे, हे आपल्या मुलास शिकवावे लागणार नाही. वाक्यरचनेतही साम्य आहे. आपण ‘मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात’ असे म्हणतो. क्रियापद आंब्याप्रमाणे बदलते. तद्वत तेथे ‘मे गुस्ता’ व अनेकवचनी ‘मे गुस्तान’. दुखण्याचेही तसेच : ‘मे द्वेले ला काबेसा’, म्हणजे शब्दशः ‘मला डोके दुखते’.

अभ्यासाचा क्रम आमच्या मते असा असावा. प्रथम कान तयार करावा. रोज अर्धा तास स्पॅनिश बोलणे ऐकून ते मोठ्याने म्हणावे. नंतर शरीराचे अवयव, अंक, वार व वेळ ही पाठ करावीत. मग रोग्यास नित्य विचारावयाचे प्रश्न घ्यावेत : ‘दोन्दे ले द्वेले?’ कोठे दुखते? ‘देस्दे क्वान्दो?’ केव्हापासून? एकाने डॉक्टर व दुसऱ्याने रोगी होऊन हे संवाद करावे, आणि रोग्याने दर वेळी निराळे उत्तर द्यावे. कारण प्रश्न पाठ करणे सोपे, उत्तर समजणे कठीण. शेवटी रोग्यास सांगितलेली गोष्ट त्याच्याच शब्दांत परत वदवून घेण्याची सवय लावावी. त्याची नुसती मान हलली म्हणजे त्यास समजले, असे धरून चालू नये.

तथापि आपल्या ज्ञानाची सीमाही ओळखावी. शस्त्रक्रियेची संमती किंवा गंभीर रोगाची वार्ता ह्यांकरिता शिकलेला दुभाषाच बोलवावा. रोग्याच्या लहान मुलास दुभाषा करू नये. तातडीचा प्रसंग सोडल्यास अमेरिकेतील आरोग्यविषयक नियमांत ह्यास मनाई आहे, व ती योग्यच आहे. आईचा असाध्य रोग दहा वर्षांच्या मुलाने तिला सांगावा, ह्याहून कठोर गोष्ट कोणती?

डॉक्टर वॉनलेस ह्यांनी १८९४ साली मिरजेस मिशनचे रुग्णालय उघडले. अशा परदेशी डॉक्टरांपुढे खेड्यापाड्यांतून येणारा रोगी इंग्रजी शिकून येत नसे. मराठी शिकण्याचे श्रम डॉक्टरांनाच करावे लागत. आज आपली मुले परमुलखात रोग्यांच्या सेवेस जातात, तेव्हा ते श्रम करण्याची पाळी त्यांची आहे. पालकांनी मुलास प्रवासाच्या सामानाबरोबर एक वर्ष आधी ह्या भाषेचे पुस्तक व बोलण्यास एक सोबती मिळवून द्यावा.