अण्णांच्या पोटातला पडदा

माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या, दोन्ही किडन्या मधुमेहाने निकामी झाल्या. आमचं गाव बार्शीपासून आत. तिथून आठवड्यातून तीनदा सोलापूरला जाऊन मशीनवर रक्त शुद्ध करून घेणं त्यांच्या हृदयाला झेपेना, म्हणून डॉक्टरांनी पोटाचं डायलिसिस सुचवलं. सीएपीडी म्हणतात त्याला. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो, त्यामुळे पेशीपटल, विसरण, परासरण हे माझे रोजचे शब्द. पण अण्णांच्या पिशव्या बदलायला लागल्यावर या शब्दांना वजन आलं. ज्यांच्या घरात हे नव्याने सुरू होत आहे, त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो आहे.

१. आधी तो पडदा समजून घ्या

पोटाच्या आत एक पातळ, ओलसर, चकचकीत पडदा असतो. डॉक्टर त्याला पेरिटोनिअम म्हणतात, मराठी पुस्तकांत पर्युदर. पोटाच्या भिंतीला तो आतून अस्तरासारखा चिकटलेला असतो आणि तिथून वळून जठर, यकृत, आतडी यांना लपेटतो. सगळा पसरला तर त्याचं क्षेत्रफळ साधारण आपल्या कातडीएवढं भरेल. त्याच्या दोन थरांमध्ये एरवी अगदी थोडा द्रव असतो, आतडी एकमेकांवर न घासता हलावीत एवढ्यापुरता. वर पेशींचा एकच थर आणि खाली बारीक केशवाहिन्यांचं जाळं. डायलिसिस प्रत्यक्षात होतं ते या केशवाहिन्यांच्या भिंतींतून. युरिया, क्रिएटिनिन असे लहान रेणू त्यांतून पार होतात, रक्तपेशी आतच राहतात, मोठी प्रथिनंही बहुतेक आतच राहतात.

किडनीतही असाच एक पडदा असतो. केशवाहिन्यांच्या गुच्छांची तीन थरांची गाळणी दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळते आणि त्यातला दीड-दोन लिटरच लघवी म्हणून बाहेर पडतो. बाकी सगळा शरीर परत घेतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की या गाळणीचा मधला थर जाड होत जातो आणि जाड होऊनही गळू लागतो. लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात. अण्णांचं नेमकं हेच झालं होतं. एक पडदा गेला म्हणून दुसऱ्याला कामाला लावलं. या दुसऱ्याचं मूळ काम रक्त शुद्ध करण्याचं नव्हेच. तो आपल्यासाठी जादा राबतो आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं.

२. पाणी साखर ओढते

बेंबीच्या बाजूला एक मऊ सिलिकॉनची नळी बसवतात. हेन्री टेंकहॉफ या डॉक्टरांनी १९६८ मध्ये तयार केलेल्या नळीचंच हे रूप आहे. तिच्यातून दोन लिटर द्रव पोटात सोडायचा, चार ते सहा तास ठेवायचा, मग खाली ठेवलेल्या रिकाम्या पिशवीत काढायचा आणि नवा सोडायचा. वीज लागत नाही, मशीन लागत नाही. जुना द्रव उतारानेच उतरतो, नवा खुंटीला टांगलेल्या पिशवीतून उतारानेच चढतो.

अण्णा हिशेबाचे पक्के. सुरुवातीलाच त्यांनी विचारलं, "दोन लिटर सोडलं, मग सव्वादोन कसं निघालं?" कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं हे आहे. इथे मिठाच्या जागी ग्लुकोज. पिशवीतल्या द्रवात साखर जास्त, म्हणून रक्तातलं जादा पाणी पडदा ओलांडून तिकडे येतं. आमच्या पिशव्यांवर रंगीत कडी असते: पिवळी म्हणजे दीड टक्का, हिरवी अडीच, लाल सव्वाचार. साखर जास्त तितकं पाणी जास्त.

या पाण्याचा जवळजवळ निम्मा भाग ज्या वाटेने येतो, ती वाट मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. पेशीपटलात पाण्यासाठी स्वतंत्र बारीक मार्ग असतात, अ‍ॅक्वापोरिन नावाचे. पीटर अ‍ॅग्रे यांनी १९९२ मध्ये ते सिद्ध केले आणि २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या मार्गातून फक्त पाणी जातं, मीठ जात नाही. म्हणून द्रव पोटात सोडल्यावर सुरुवातीच्या वेळात पाणी भराभर येतं आणि मीठ मागे राहतं. मीठ बाहेर यायला वेळ लागतो, म्हणूनच डॉक्टर जेवणातल्या मिठाबद्दल इतके कडक असतात. लोणचं-पापड बंद झाल्यावर अण्णा रुसले होते. त्यांना हे कागदावर काढून दाखवलं, तेव्हा कुठे पटलं.

३. पिशवीखाली वर्तमानपत्र

या सगळ्यात सर्वांत मोठी भीती संसर्गाची. बाहेरचं जग आणि पोटातला पडदा यांच्यामध्ये फक्त त्या नळीची टोपी असते. पूर्वी हा द्रव काचेच्या बाटल्यांत यायचा. जोडण्या जास्त, त्यामुळे पोटात पू होण्याचं प्रमाणही भयंकर. १९७६ मध्ये अमेरिकेत पॉपोविच आणि मॉनक्रीफ यांनी घरी चालणारी ही पद्धत मांडली, पण ती खऱ्या अर्थाने रुळली ती टोरंटोच्या ओरिओपुलोस यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरायला सुरुवात केल्यावर.

आमच्याकडे पिशवी बदलण्याची खोली ठरलेली आहे. दार लावायचं, पंखा बंद करायचा, मास्क बांधायचा, घड्याळाकडे बघत साबणाने हात धुवायचे आणि पूर्ण कोरडे करायचे. नळीच्या उघड्या टोकाला कशाचाही स्पर्श होऊ द्यायचा नाही. त्या वेळी नातवंडांनाही आत प्रवेश नाही.

निघालेली पिशवी आई वर्तमानपत्रावर आडवी ठेवते. द्रव चांगला असेल तर तो फिकट पिवळा आणि इतका नितळ असतो की खालची बारीक अक्षरं सहज वाचता येतात. पावसाळ्यातल्या एका सकाळी आई म्हणाली, "अरे, आज अक्षरं लागत नाहीयेत." मथळा दिसत होता, खालचा मजकूर पुसट झाला होता. अण्णांना ताप नव्हता, पोट किंचित दुखत होतं एवढंच. तीच पिशवी घेऊन आम्ही लगेच सोलापूर गाठलं. प्रयोगशाळा द्रवातल्या पांढऱ्या पेशी मोजते. एका मायक्रोलिटरमध्ये शंभराच्या वर असतील आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल असतील, तर तो पेरिटोनायटिस, म्हणजे या पडद्याचा संसर्ग, मानतात. अँटिबायोटिक पिशवीतूनच थेट पोटात देतात. अण्णा बरे झाले.

त्या दिवसांत आणखी एक गोष्ट दिसली. पडदा सुजला की त्याच्या केशवाहिन्या रुंदावतात, साखर पटकन रक्तात शोषली जाते आणि मग पाणी ओढायला साखरच उरत नाही. अण्णांच्या पायांवर सूज आली ती त्यामुळे. संसर्ग आटोक्यात आल्यावर ती उतरली. कधी कधी द्रवात पांढरे तंतू दिसतात. ते फायब्रिनचे असतात आणि दर वेळी संसर्गाचेच असतात असं नाही, तरी डॉक्टरांना दाखवावेत. गढूळ पिशवी मात्र उद्यावर टाकू नये आणि फेकूनही देऊ नये.

४. पोट साफ हवं

बद्धकोष्ठ झालं की फुगलेली आतडी नळीवर दाब देतात आणि द्रव उतरायला वेळ लागतो. नळी बंद पडली म्हणून घाबरण्याआधी हे बघावं.

५. शेजारच्या रुग्णाचं वेळापत्रक आपलं नव्हे

प्रत्येकाच्या पडद्याचा वेग वेगळा. तो मोजायला पीईटी नावाची चाचणी असते: द्रव चार तास पोटात ठेवून त्यातलं आणि रक्तातलं क्रिएटिनिन ताडून पाहतात. ज्याचा पडदा वेगवान, त्याच्या शरीरातला कचरा लवकर बाहेर येतो, पण साखरही लवकर शोषली जाते. त्याला द्रव कमी वेळ ठेवावा लागतो. ज्याचा पडदा संथ, त्याला जास्त वेळ. दवाखान्याच्या बाकावर बसून "तुमच्या किती पिशव्या, आमच्या किती" ही तुलना फार चालते. तिच्यावरून कुणी आपल्या पिशव्या कमी-जास्त करू नयेत.

६. मधुमेही असाल तर हे दोनदा वाचा

पिशवीतल्या साखरेचा बराच भाग रक्तात जातो, त्यामुळे इन्सुलिनचं प्रमाण नव्याने बसवावं लागतं. रात्रीच्या लांबच्या मुक्कामासाठी काहींना आयकोडेक्स्ट्रिनची पिशवी देतात. तिच्यात ग्लुकोजऐवजी पिष्टाचे मोठे रेणू असतात, ते पडद्यातून सहज पार होत नाहीत आणि तासन् तास पाणी ओढत राहतात. मात्र त्यांचे जे तुकडे रक्तात पोचतात, त्यांना काही प्रकारचे ग्लुकोमीटर साखर समजतात आणि आकडा खोटाच वाढवून दाखवतात. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन दिलं तर साखर धोकादायकरीत्या खाली जाईल आणि मीटरवर ती दिसणारही नाही. ही पिशवी सुरू होताना आपलं मीटर त्यासोबत चालतं का, हे डॉक्टरांना विचाराच. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर तिथेही आधी हे सांगा. हे कळकळीने लिहितो आहे, कारण इथे जीव जाऊ शकतो.

७. ताटात काय

पडदा मोठी प्रथिनं अडवतो, पण सगळी नाही. रोज साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिनं द्रवाबरोबर जातात. किडनीच्या माणसाला डाळ-अंडी बंद, असं आमच्याकडे सगळेच सांगायचे. पोटाच्या डायलिसिसवर उलट प्रथिनं वाढवावी लागतात. अण्णांना अंड्याचा पांढरा भाग रोज मिळतो. आणि नेहमीच्या द्रवात पोटॅशिअम नसतं, त्यामुळे ते रक्तातून सतत बाहेर जात राहतं. मशीनवरच्या रुग्णाला जी फळं वर्ज्य, ती इथे काहींना मुद्दाम खायला सांगतात. अर्थात रक्ताचा रिपोर्ट बघून, स्वतःच्या मनाने नाही.

८. थेंबभर लघवीही जपा

किडनी पूर्ण थांबलेली नसेल तर तिचं उरलेलं काम फार मोलाचं. पडद्यावरचा भार तेवढाच कमी. गुडघे दुखले की मेडिकलमधून आणलेली वेदनाशामक गोळी हे उरलंसुरलं कामही संपवू शकते. गावात कुणी आपुलकीने दिलेली पुडीसुद्धा नको.

९. ही वाट आहे हे लोकांना सांगा

हाँगकाँगमध्ये १९८५ पासून डायलिसिसची सुरुवात शक्यतो पोटाच्या डायलिसिसनेच होते. आपल्याकडे प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये सुरू झाला तो हिमोडायलिसिससाठी, म्हणजे मशीनवरच्या डायलिसिससाठी. पोटाच्या डायलिसिसची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ मध्ये आली. खेड्यातल्या कितीतरी घरांना ही पद्धत आहे हेच माहीत नसतं. एसटीने तालुका, तिथून जिल्हा, चार तास मशीन आणि परत, हे वर्षानुवर्षे चालू राहतं. मजुरी बुडते, सोबत येणाऱ्याचीही बुडते. माझ्या मते डॉक्टरांनी दोन्ही वाटा पहिल्याच दिवशी समोर ठेवायला हव्यात. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांना, हर्निया असलेल्यांना किंवा घरी स्वच्छ हाताने करणारं कुणी नसेल त्यांना ही पद्धत कदाचित जमणार नाही. पण तो निर्णय माहिती मिळाल्यानंतरचा असावा.

१०. पडद्यालाही वय असतं

साखरेचा द्रव सतत सोसून काही वर्षांनी पर्युदरही जाड होतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाणी ओढण्याची ताकद कमी होते. किडनीच्या पडद्याचं साखरेने जे केलं, त्याच दिशेने हळूहळू इथेही जातं. म्हणून लाल कडीची पिशवी गरजेपुरतीच वापरायची आणि पाण्याचा प्रश्न शक्यतो मीठ कमी करून सोडवायचा. अण्णांना हे सांगितल्यापासून ते पाण्याचा तांब्या स्वतः मोजून भरतात. त्यांची लघवी आता जवळपास थांबली आहे, तीन पिशव्यांच्या चार झाल्या आहेत. पुढच्या भेटीत पडद्याची चाचणी पुन्हा करायची आहे. मशीनवर जायची वेळ आली तर लागणारा हाताचा फिस्टुला आत्ताच करून ठेवायचा का, हे त्या रिपोर्टवर ठरेल.