पान्हा चोरणारी म्हैस

शिरूर व दौंड तालुक्यांत कालव्याचे पाणी पोहोचलेल्या गावांतून उसाच्या जोडीने दुधाचा धंदाही रुजला आहे. चाकणसारख्या बाजारातून व्यालेली म्हैस आणली जाते. परंतु नव्या गोठ्यात ती वैरणीस तोंड लावीत नाही, रात्रभर रेकते आणि धारेच्या वेळी पान्हा चोरते. मालक यास खोड समजून काठी उचलतो. वस्तुतः हे ताटातुटीचे भय होय. ओळखीचा गोठा, सोबतची जनावरे, सवयीचा हात आणि पुष्कळदा स्वतःचे रेडकूही तिला एका दिवसात अंतरलेले असते.

सडांना रेडकाचे तोंड वा परिचित हात लागला म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे द्रव्य रक्तात उतरते व कासेतील दूध सडांकडे ढकलते. गाईस यास सुमारे एक मिनिट लागते, म्हशीस अधिक. म्हशीच्या कासेच्या पोकळीत आयते दूध सुमारे वीस हिश्श्यांत एक हिस्साच असते; म्हणून पान्हा न आल्यास भांडे जवळजवळ रिकामे राहते. भयाने ॲड्रेनलीन स्रवते व पान्हा अडतो. मारल्याने दूध आणखी चढते ते यामुळेच. कासेत दूध वारंवार राहू लागले की म्हैस लवकर आटते.

अशा वेळी पान्ह्याच्या सुईचा मोह पडतो. रोज टोचल्यास म्हशीस सुईचीच सवय जडते. शिवाय दूध वाढविण्यासाठी जनावरास अपायकारक अशी सुई टोचणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे.

खरेदीच्या वेळीच विकणाऱ्यास धारेची वेळ, बसण्याची बाजू व आंबोण विचारून घ्यावे, हा उपाय बिनखर्चाचा असून नेमका तोच विसरला जातो. शक्यतो रेडकूही सोबत आणावे. म्हैस शांत जनावराशेजारी बांधावी व जुना चारा हळूहळू बदलावा. धार एकाच माणसाने ठरल्या वेळी काढावी. आंबोण पुढे ठेवून कास कोमट पाण्याने धुवावी, दोन-तीन मिनिटे चोळावी आणि पान्हा येताच धार न थांबता पुरी करावी.

रेडकू वेगळेच वाढवावयाचे असल्यास जन्मतःच वेगळे करून चीक पाजावा. लळा लागल्यावर तोडणे दोघांसही जड जाते. लळा लागलाच असेल तर पिणे क्रमाक्रमाने कमी करावे व दोन रेडके एकत्र ठेवावीत.

मात्र कास गरम, कठीण असेल किंवा दुधात गाठी दिसतील तर तो कासेचा दाह समजावा व त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.