पित्ताशय काढल्यावर डोळे पिवळे झाले तर

दुर्बिणीनं पित्ताशय काढलं की पोटावर तीन-चार लहान जखमा दिसतात आणि घरचे म्हणतात, "एवढंच?" आतली जखम कोणाला दिसत नाही. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं, त्या दिवशी बाई घागर उचलतेच. डॉक्टर सांगेपर्यंत उचलू देऊ नका. पोट चिरून ऑपरेशन झालं असेल, तर दीड-दोन महिने तरी नाहीच.

पहिले दोन-तीन दिवस खांदा दुखतो. ऑपरेशनच्या वेळी पोटात भरलेल्या वायूमुळे ते होतं. घरातल्या घरात चालावं. पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशय ते फक्त साठवतं, म्हणून त्याच्याविनाही अन्न पचतं. सुरुवातीला तेलकटानं जुलाब होतात. मऊ भात, पातळ आमटी द्या. शेंगाचटणीवरचं तेल नंतर.

पण डोळे पिवळे, लघवी गडद, शौच पांढरट, थंडी-ताप, वाढती पोटदुखी यांतलं काहीही दिसलं, तर साधी कावीळ समजून माळ घालू नका, झाडपाला पाजू नका. पित्तनळीत खडा राहिलेला असू शकतो, नळीला इजा झालेली असू शकते. माळेनं खडा निघत नाही. डिस्चार्ज कार्ड घेऊन त्याच दिवशी, रात्र असली तरी, ऑपरेशन झालं तिथं किंवा सिव्हिलला जा.