मुलाचा नकार व शिक्षकाचे कर्तव्य

चाकण, म्हाळुंगे, निघोजे या गावांतील प्राथमिक शाळांत शेतकऱ्यांच्या मुलांशेजारी आज मराठवाडा, विदर्भ व परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले बसतात. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे कारखान्यांची रांग चाकणपर्यंत पोहोचली. पुष्कळ कामगारांचा संसार भाड्याच्या एका खोलीत असतो. आई एका पाळीला, तर वडील दुसऱ्या पाळीला. अशा घरात मुलाची म्हणून काही मर्यादा असते काय, आणि आईबापांपैकीच कोणी ती ओलांडली तर शिक्षकाने काय करावे, हा प्रस्तुत पाठाचा विषय आहे.

मर्यादेचा अर्थ

मर्यादा म्हणजे भिंत नव्हे. एकाच खोलीत आई मुलीसाठी साडीचा आडोसा धरते, वडील क्षणभर दाराबाहेर थांबतात; तेथे जागा नाही, पण मर्यादा आहे. उलट ऐसपैस घरातही मूल ‘नको’ म्हणत असता ते कोणी ऐकत नसेल, तर तेथे मर्यादा नाही. म्हणून जागेची टंचाई हा कुटुंबाचा दोष समजू नये. तसेच टंचाईचे निमित्त करून दोषावर पांघरूणही घालू नये. मुलाच्या नकाराला घरात मान आहे की नाही, हे प्रथम पाहावे.

दोन प्रकार

पहिल्या प्रकारात अजाणतेपणी होणारे वर्तन येते. मोठ्या झालेल्या मुलाला चारचौघांत कपडे बदलावयास लावणे, पाहुण्याने मुका घ्यावा म्हणून त्याला बळेच पुढे ढकलणे, वाढत्या वयातील मुलीच्या शरीराची थट्टा करणे, ही त्याची उदाहरणे होत. येथे बहुधा ‘आपलेच तर लेकरू’ ही समजूत असते. पालकांशी एकान्तात, दोषारोप न करता बोलावे. पालकसभेत कोणाचेही नाव न घेता हा विषय काढावा.

दुसरा प्रकार अत्याचाराचा आहे. गुप्तांगांना वाईट हेतूने स्पर्श करणे, मुलाकडून तसा स्पर्श करवून घेणे, त्याला अश्लील चित्रे दाखविणे, अंघोळीच्या वेळी त्याचे चित्रण करणे आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावणे, हे सर्व त्यात येते. येथे समजावणीचा मार्ग संपतो. मुलाने नकार दिला नव्हता, ही सबबही येथे चालत नाही.

लक्षणे

शाळा सुटल्यावर मूल विनाकारण रेंगाळते काय? बसताना वा लघवीच्या वेळी वेदना होत असल्याचे सांगते काय? पाळी बदलली की एखाद्या आठवड्यात मूल हसरे आणि दुसऱ्या आठवड्यात मुके, असे घडते काय? वयाला न साजणारे बोलणे त्याच्या तोंडी येते काय? एकाच लक्षणावरून निष्कर्ष काढू नये. परंतु नोंद जरूर ठेवावी. मुलग्यांनाही या बाबतीत वगळू नये.

एक प्रसंग

समजा, चौथीतील एक मुलगी मधल्या सुट्टीत म्हणाली, “बाई, आईची रात्रपाळी नको.” अशा वेळी “बाबांनी काही केले का?” असे विचारू नये, त्यामुळे उत्तर शिक्षकाचे होते, मुलीचे राहत नाही. “सांग, मी ऐकते आहे,” एवढेच म्हणावे. “कोणाला सांगणार नाही ना?” असे तिने विचारले, तर खोटे वचन देऊ नये. “सगळ्यांना सांगणार नाही. पण तुला सांभाळण्यासाठी ज्यांना सांगायला हवे, त्यांना सांगेन. तू सांगितलेस, हे चांगले केलेस. यात तुझी चूक नाही,” असे उत्तर द्यावे. नंतर तिचेच शब्द तारीख-वेळेसह लिहून ठेवावेत.

कायदा

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अशा अपराधाची माहिती किंवा शंका असणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने पोलिसांना कळविलेच पाहिजे. मुख्याध्यापकांना सांगितले, म्हणजे शिक्षकाची जबाबदारी संपत नाही. न कळविल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंड होऊ शकतो. सद्भावनेने माहिती देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. चाकण पोलीस ठाणे २०१८ साली स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत येते. दूरध्वनी १०९८ वा ११२ यांवरही कळविता येते. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीस कळवावयाचे असते. मुलाचा जबाब गणवेशात न येता, मुलाच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी घ्यावयाचा असतो. मुलाचे नाव कोठेही फुटता कामा नये.

जपावयाच्या गोष्टी

शंका ज्याच्यावर आहे त्या पालकाला आधी बोलावून जाब विचारू नये; त्याचा राग त्याच रात्री मुलावर निघतो. पुष्कळदा असे कुटुंब घाईने दाखला मागते आणि खोली सोडून जाते. मग मुलाचा शेवटचा आधार तुटतो. “घरातली गोष्ट घरात मिटवा,” असे गावातील वजनदार माणसेही सांगतील. ज्या घरात मुलाला सुरक्षितता नाही, तेथे ती गोष्ट मिटत नाही. फक्त दार बंद होते. अशा मुलाला उघडे असलेले दुसरे दार पुष्कळदा शाळेचेच असते. ते शिक्षकाने बंद होऊ देऊ नये.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या वर्गात मुलाच्या ‘नको’ या शब्दाला मान मिळतो काय?
२. वर दिलेल्या दोन प्रकारांतील भेद पालकसभेत कोणत्या शब्दांत सांगाल?
३. १०९८ हा क्रमांक मुलांना वाचता येईल अशा जागी लिहिलेला आहे काय?