पाटी लावावी की रुमालांची टोपली ठेवावी?

प्रश्न : आमच्या गावच्या देवळात गेल्या महिन्यात 'तोकडे कपडे घालून येणाऱ्यांस प्रवेश नाही' अशी पाटी लागली. माझी मुलगी कॉलेजात आहे. गुडघ्यापर्यंतचा फ्रॉक घातला म्हणून तिला दारातूनच परत पाठवलं. त्याच रांगेत बर्म्युडा घातलेले एक गृहस्थ होते, त्यांना कुणी हटकलं नाही. मुलगी म्हणते, मी पुन्हा त्या देवळात पाऊल ठेवणार नाही. सासूबाई म्हणतात, देवाच्या दारी काही रीत नको का? मला दोघींचंही पटतं. माणसांनी काय घालावं हे धर्माने ठरवावं का?
– एक वाचक भगिनी, जि. सातारा

उत्तर : थेट उत्तर आधी देते. धर्माने सांगावं, ठरवू नये. दोन्हींतला फरक कळायचा तर न ऐकणाऱ्याच्या वाट्याला काय येतं ते पाहावं.

सासूबाईंचं म्हणणं मी बाजूला सारणार नाही. श्रद्धेचं आणि वस्त्राचं नातं फार जुनं आहे. दिगंबर आणि श्वेतांबर ही जैनांच्या दोन मुख्य पंथांची नावंच मुळी वस्त्रावरून पडली. हजला जाणारा पुरुष न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं अंगावर घेतो, तेव्हा कारखानदार कोण आणि हमाल कोण हे ओळखू येत नाही. आपल्याकडे वारकरी तुळशीची माळ घालतो. ती घातली की मांस-मद्य सुटतं, पण माळ घालायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं. माळ नसलेलाही दिंडीत चालतो आणि धोतराशेजारी जीन्सही पंढरपूरला पोहोचते. आपल्या संविधानानेही वेषामागची श्रद्धा ओळखली आहे. कृपाण धारण करणं हा शीख धर्माच्या आचरणाचा भाग आहे, हे कलम २५च्या स्पष्टीकरणातच नमूद आहे. पगडी बांधलेल्या शिखाला दुचाकीवर हेल्मेटची सक्ती नाही, तीही कायद्याने दिलेली सवलत आहे. स्वतःहून स्वीकारलेला वेष माणसाला बळ देतो, हे मला मनापासून मान्य आहे.

आता दुसरी बाजू, आणि ती आपल्याच घरातली आहे. नवरा गेला की बाईचं केशवपन करायचं, कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, अंगावर आलवण म्हणजे विधवेचं लाल लुगडं द्यायचं, हे सगळं धर्माच्याच नावाने चाललं. ती नको म्हणाली तर तिला घर नव्हतं, पंगत नव्हती, मंगलकार्यात जागा नव्हती. शास्त्र सांगणारे ओटीवर बसत आणि वस्तरा चालवायचं काम नाभिकावर येई. त्याच हातांनी नकार दिला. १८९०मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी केशवपन न करण्याचा निर्धार केला. वस्तरा थांबला तरी बाकीचे प्रकार थांबले नाहीत. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही हा कित्ता गिरवण्याचं आवाहन केलं. एकविसाव्या शतकात गावाला असा ठराव करावा लागला, यावरून ही पकड किती घट्ट होती ते कळतं.

धर्माच्या नावाने आलेल्या वेषाच्या नियमांत पुष्कळदा धर्म थोडा असतो आणि पायरी दाखवणं जास्त असतं. डिसेंबर १९२७मध्ये महाडच्या परिषदेला आलेल्या स्त्रियांशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले, तेव्हा त्यांनी लुगडं नेसण्याची रीत आणि अंगावरचे जड दागिने हा विषय मुद्दाम काढला. नेसणीवरूनच जात ओळखली जाते, म्हणून ती खूण टाकून द्या, असं त्यांनी सांगितलं. अनेक जणींनी तिथेच आपली नेसण बदलली. तिकडे दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात खालच्या मानल्या गेलेल्या नाडर जातीच्या स्त्रियांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षं झगडावं लागलं. १८५९च्या राजाज्ञेने तो हक्क दिला खरा, पण उच्चवर्णीय बायकांसारखं वस्त्र घ्यायचं नाही, अशी अट त्यातही होतीच! लज्जा हेच कारण असतं, तर झाकण्याला हरकत कशाला असती? एकीला पदर ढळू द्यायचा नाही आणि दुसरीला पदर घेऊच द्यायचा नाही, हे दोन्ही हुकूम एकाच समाजाने दिले. स्त्रीच्या अंगावर कुणाची सत्ता, एवढाच प्रश्न त्यात होता.

सक्ती करणारा नेहमी धर्मच असतो असंही नाही आणि ती नेहमी झाकण्याचीच असते असंही नाही. १७३६मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने हुकूम काढला, की बाटलेल्या गोवेकर पुरुषांनी पुडवें म्हणजे धोतर नेसायचं नाही आणि बायकांनी चोळी घालायची नाही. देव बदलला तसं कापडही बदला, असा तो हट्ट. इराणात १९३६मध्ये तिथल्या राजाने, रझा शाहने, बुरख्यावर बंदी घातली. पोलीस रस्त्यात बायकांच्या डोक्यावरचं वस्त्र ओढून काढत. १९७९च्या क्रांतीनंतर त्याच देशात डोकं झाकणं सक्तीचं झालं. सप्टेंबर २०२२मध्ये हिजाब नीट घेतला नाही म्हणून पकडलेली २२ वर्षांची महसा अमिनी कोठडीत असताना कोसळली आणि इस्पितळात मरण पावली. आजीच्या डोक्यावरचं ओढून काढलं आणि नातीच्या डोक्यावर बळेच ठेवलं. दोन्ही वेळा तिला विचारलं कुणीच नाही.

म्हणून कर्नाटकात वर्गात हिजाब घालू द्यावा की नाही या वादात मी कोणत्याच झेंड्याखाली उभी राहू शकत नाही. १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयातही दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. न्या. हेमंत गुप्ता यांनी सरकारचा गणवेशाचा आदेश उचलून धरला. न्या. सुधांशू धुलिया यांनी मुलीची निवड आणि तिचं शिक्षण यांना महत्त्व दिलं. योग्य पीठ नेमण्यासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे जावं असं ठरलं. माझ्यापुरतं सांगायचं तर, ज्या नियमामुळे मुलगी वर्गाबाहेर राहते तो नियम हरला, मग तो मशिदीतून आलेला असो की सरकारी कचेरीतून.

यावर कुणी विचारेल, की घरातल्या धाकात वाढलेली मुलगी 'माझी मर्जी' म्हणते, ती तिची मर्जी कशी मानायची? प्रश्न रास्त आहे. मला त्यावर एकच उपाय सुचतो. तिचं मन बाहेरून तपासता येत नाही, पण तिच्यासाठी दार उघडं ठेवता येतं. आज घेतलेलं वस्त्र उद्या उतरवलं, किंवा आज नाकारलेलं उद्या घेतलं, तरी घर, शाळा आणि पोट यांना धक्का लागत नसेल, तर तिची मर्जी तिची आहे असं म्हणता येतं. धक्का लागत असेल तर तिच्या 'हो'ला काही किंमत नाही.

आता तुमच्या देवळाकडे येऊ. अशा पाट्या हल्ली वाढल्या आहेत. तुळजापूरला मे २०२३मध्ये असा फलक लागला आणि लगेच उतरवावाही लागला. मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराने जानेवारी २०२५मध्ये वेषाची नियमावली जाहीर केली. आपल्या आवारात कसं यावं हे देवस्थानाने सांगायला माझी ना नाही. आपणही कुणाच्या घरी जाताना उंबऱ्याबाहेर चपला काढतोच. फक्त विश्वस्तांना तीन गोष्टी विचारा. नियम पुरुषांना आणि बायकांना सारखाच आहे का? तो देवळाच्या आवारापुरताच आहे, की त्यावरून गावात मुलींची अब्रू मोजली जाते? आणि नियम न पाळणाऱ्याचं तुम्ही काय करता? बर्म्युडावाल्या गृहस्थांमुळे तुमचं देऊळ पहिल्याच प्रश्नाला नापास झालं आहे.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कसं असावं हे पाहायचं तर नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात जाऊन या. डोकं झाकल्याशिवाय आत जायचं नाही, हा तिथला नियम पक्का आहे, आणि तो बाईला जितका तितकाच पुरुषाला. पण नियमासोबत गुरुद्वाऱ्यात रुमालही ठेवलेले असतात. उघड्या डोक्याने आलात तर एक उचला, बांधा आणि आत या. नियमही राहतो आणि माणूसही दारातून परत जात नाही.

तेव्हा सासूबाईंना आणि मुलीला बरोबर घेऊन विश्वस्तांकडे जा. देवळाला रीत हवी हे सासूबाईंनी सांगावं आणि ती सगळ्यांना सारखी हवी हे मुलीने सांगावं. तुम्ही जाताना चार-सहा धुतलेली उपरणी न्या आणि पाटीखाली एका टोपलीत ठेवा. ज्याला वाटेल तो पांघरेल, मग तो फ्रॉकवर असो की बर्म्युडावर. विश्वस्तांनी ती टोपली ठेवून घेतली, तर मुलीला पुन्हा यायला सांगा. त्यांनी ती उचलून बाहेर ठेवली, तर तिने घरच्या देव्हाऱ्यापुढे हात जोडावेत. देव तिथेही तोच आहे आणि फ्रॉक तिथेही चालतो.